महिन्याला एक मणी

गाठ माझी नव्हती.

माळ माझ्या हातची होती. अदितीची बोरमाळ, अठ्ठावीस मणी, मागे लाल गोंडा. पण शेवटच्या मण्यामागची गाठ उजवीकडे वळलेली होती. माझी गाठ डावीकडे वळते. हे काम मी सासऱ्यांकडून शिकले आणि ते डावरे होते. मी उजव्या हाताची असले तरी गाठ त्यांच्यासारखीच पडते. इतक्या वर्षांत एकदाही ती दुसरीकडे वळलेली नाही.

अदिती काउंटरपलीकडे उभी होती. एकोणतिसावा मणी तिने मघाशीच पैसे देऊन घेतला होता आणि माझ्यासमोर बशीत ठेवला होता.

"मावशी, पटकन हं. अकराला मीटिंग आहे आणि गाडी फायर लेनमध्ये लावलीय."

"आज नाही होणार," मी म्हटलं. "दोरा विरलाय. नवीन घालावा लागेल. उद्या ये."

"यार मावशी, मागच्याच वेळी बदलला ना?"

"मग पुन्हा विरला. मणी घेऊन जा. उद्या घेऊन ये."

दोरा विरला नव्हता. ती गाडीत बसेपर्यंत मी काचेतून पाहत राहिले आणि मग आत जाऊन तिजोरीतला तो खण उघडला. अदितीची धरून अकरा कापडी पिशव्या. एकेक माळ काढून पालथी केली. अकराच्या अकरा गाठी उजवीकडे. त्यातली एक माळ माझी स्वतःची होती. एक रोसाची.

रोसा मागच्या खोलीत पॉलिशच्या चाकावर बसायची. तिला बोलावलं. म्हटलं, हा मणी सोनं तपासायच्या यंत्रावर लाव. तिने लावला. यंत्रावर बावीस कॅरेट आलं. तिने दुसरा लावला. बावीस कॅरेट.

"बघ, चांगलं आहे," रोसा म्हणाली. "तू काल विमानातून आलीस. जाऊन झोप."

यंत्र वरचं बघतं. मी माझ्या माळेतला एक मणी काढला आणि पकडीने मधोमध कापला. बोरमाळेचा मणी पोकळ असतो. वरून सोन्याचं पातळ कवच आणि आकार दबू नये म्हणून आत लाख भरलेली. लाख होती. कवचाची कापलेली कड मात्र पिवळी असायला हवी होती, ती लाल होती. तांबं, वर जाड मुलामा.

रोसाने तो अर्धा मणी हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मग तिने मला एकच विचारलं. "माझे पण?"

तिच्या माळेतला एक कापला. तिचे पण.

हे काम काय असतं ते इथल्या पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. सोनार दागिना घडवतो. पण मणी सुटे असतात, पदकं सुटी असतात, साजाची पानं सुटी असतात. ते सगळं रेशमात ओवून, गाठी मारून, मागे जरीचा गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं काम पटवेकऱ्याचं. आमच्या कोल्हापुरात गुजरीत सराफांच्या पायऱ्यांवर पटवेकरी बसायचे. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दोन्ही हातांनी काम करायचं. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. लग्न झाल्यावर हेच. अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे आले तेव्हा इथल्या एका सराफी दुकानात हे काम करणारं कुणी नव्हतं. मालक हेमंतभाई. गुजराती, पण मुंबईत वाढलेले, मराठी साफ बोलायचे. मी पहिल्या दिवशी चप्पल काढून अंगठ्यात दोरा धरला तशी ते धावत आले.

"मावशी, पाय नको! कस्टमर बघतात. सोनं म्हणजे लक्ष्मी."

मग टेबलाला एक खिळा ठोकला. तेव्हापासून अंगठ्याचं काम खिळा करतो.

महिन्याला एक मणी ही पद्धत मी काढलेली नाही. गावाकडे बायका पूर्वीपासून असंच करायच्या. हातात चार पैसे आले की एक मणी घ्यायचा आणि ओवून घ्यायचा. इथे आलेल्या मुलींना ते आवडलं. मणी एक ग्रॅमचा. तोही लाख भरायच्या आधी तोललेला, म्हणजे लाखेचे पैसे लागत नाहीत. दर महिन्याला मी शेवटची गाठ सोडायची, मणी घालायचा, पुन्हा गाठ मारायची, आणि एका पिवळ्या कार्डावर लिहायचं: एक मणी, एक ग्रॅम, खाली माझी सही. माळा त्या घरी नेत नसत. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे इथल्या चोरांनाही कळलेलं आहे, आणि त्या वर्षी आमच्याच रस्त्यावरची तीन घरं फुटली होती. म्हणून माळा दुकानाच्या तिजोरीत. बायकांनी त्या हेमंतभाईंवर विश्वास टाकून ठेवल्या नव्हत्या. मी तिथे बसते म्हणून ठेवल्या होत्या. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात ते माझ्या अंगाशी आलं म्हणून सांगते.

एकदा टेक्सासातल्या फ्रिस्कोहून आलेला कुणाचा तरी जावई मला फोन दाखवून म्हणाला, "मावशी, माझं सगळं सोनं यात आहे. डिजिटल." मी म्हटलं, "मग गोंडा कुठे लावू?" तो हसला. मी हसले नाही.

रोसा इक्वेडोरची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, म्हणून आमचं चांगलं जमायचं. ती मला मावशीच म्हणायची, कारण दुकानात सगळे तेच म्हणत. जेवताना तिने एकदा सांगितलं, तिच्या देशाला आता स्वतःचं चलन नाही. मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. नाही, म्हणे. आमच्याकडे डॉलरच चालतो. भाजीलाही डॉलर, बसलाही डॉलर.

"पूर्वीपासून?"

"नाही. आमचे पैसे होते. सुक्रे. नोटेवर आमचाच माणूस होता."

तिच्या आईचा बाजारात एक गाळा होता, सुतळी आणि गोण्यांचा. पैसे बँकेत. आधी बँका बुडायला लागल्या. मग सरकारने सांगितलं, वर्षभर कुणी आपले पैसे काढायचे नाहीत. आईकडे माल घ्यायला रोख उरली नाही, तिने गाळा विकला. तेवढ्यात राष्ट्रपती टीव्हीवर आले आणि म्हणाले, आपले पैसे बंद, आता अमेरिकेचे. एवढ्या हजार सुक्रेंना एक डॉलर. तो भाव आधी तसा नव्हता, पण त्यांनी ज्या दिवशी ठरवला त्या दिवशीचा तो. आईच्या सगळ्या ठेवीचं शेवटी जे झालं त्यातून तिने एक शिलाईयंत्र घेतलं, तेही जुनं.

"ठरवलं कुणी?" मी विचारलं.

"राष्ट्रपतीच्या बाजूच्या लोकांनी. बँकांनी. इकडच्या लोकांनी. कुणी विचारलं नाही आईला." मग म्हणाली, "आता डॉलर छापणारा इकडे बसतो. तिकडे काय हवं ते त्याला कोण सांगणार?"

मी हे घरी मुलाला सांगितलं. अविनाश कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, "आई, त्यांच्या सरकारने नोटा छापून छापून वाट लावली होती. डॉलरने महागाई थांबली." तेही खरं असेल. पण तो रुपया पडला की खूश होतो हेही मी पाहिलंय. "आता पाठवायला बरं, जास्त रुपये मिळतात." मी म्हटलं, "तुझ्या मावशीला तिकडे तेल महाग मिळतंय, तिला कुणी जास्त रुपये दिले?" तेव्हा तो म्हणतो, "आई, ते ग्लोबल आहे." गुजरीत पूर्वी सकाळी सराफ एकत्र जमायचे आणि भाव पाटीवर लिहायचे. ते शहाणे होते असं नाही, लबाडही होते. पण कुणाशी भांडायचं ते माहीत होतं. आता लंडनहून की न्यूयॉर्कहून आकडा येतो, पडद्यावर हलत राहतो, आणि त्या आकड्याशी भांडायला तोंड कुठलं ते सापडत नाही. नोटबंदीच्या वेळी माझ्या पर्समध्ये कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षाला म्हणून ठेवलेल्या पाचशेच्या काही नोटा होत्या. तिकडच्या एका संध्याकाळी त्या कागद झाल्या. इथे मी सकाळी उठले आणि झालेलं कळलं. रोसा आईचं काय सांगते ते मला म्हणून कळतं.

म्हणून रोसाने विचारलं, मी पण मणी घेऊ का, तेव्हा मीच म्हटलं, घे. कागदावर नको, मण्यात ठेव. आईला तो गाळा परत घेऊन द्यायचा होता तिला. आतापर्यंत छत्तीस मणी झाले होते. तिने कार्ड मागितलं तेव्हा हेमंतभाई म्हणाले, "तुम्ही दोघी घरच्या. घरच्यांना कार्ड कशाला?" आणि मीही म्हटलं, "कशाला कार्ड? मी आहे ना." अशी मी. सगळ्या जगावर संशय घेणारी, आणि तिथे मात्र घेतला नाही.

दुपारी हेमंतभाई आले. मी अर्धा मणी त्यांच्यासमोर काचेवर ठेवला. त्यांनी दाराची पाटी उलटी केली, 'बंद'.

"मी दोन महिने पुतण्याच्या लग्नाला गेले, तेव्हा केलंत ना?"

"मावशी, परत घालणार होतो. देवाशपथ."

"कुणाकडून ओवून घेतलंत? गाठ बघा कशी मारलीय त्याने."

"आता गाठीचं काय घेऊन बसलात!"

त्यांनी सांगितलं ते असं. दुकान स्वतःचं सोनं थोडंच ठेवतं. सोनं देणारी मोठी कंपनी असते, ती दुकानाला पैसे नाही, सोनंच उसनं देते. दागिने विकायचे आणि तेवढं वजन परत करायचं. हेमंतभाईंनी दागिने विकले तेव्हा भाव खाली होता. परत करायची वेळ आली तेव्हा भाव दीडपटीच्या वर गेला होता. हातात आलेल्या पैशात तेवढं सोनं येईना. कंपनीने तगादा लावला. तिजोरीत समोर अकरा माळा होत्या.

"माझ्या हातात काय आहे, मावशी? कुठली तरी बँक व्याज हलवते, कुठला तरी देश सोनं साठवतो, इकडे भाव उडतो. मी ठरवलं का?"

"भाव तुम्ही नाही ठरवला. माळा मात्र तुम्हीच वितळवल्या."

रोसा दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "बायकांना सांगू नका. मी सगळ्यांना पैसे देतो. ज्या महिन्यात मणी घेतला, त्या महिन्याच्या भावाने. एक सेंट कमी नाही."

हे रोसाला मी इंग्रजीत सांगितलं. ती हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण ती हसली. "माझ्या आईला पण असंच म्हणाले. एक सेंट कमी नाही. आम्ही ठरवलेल्या भावाने."

मी बायकांना सांगितलं. संध्याकाळच्या आत नऊही जणींना फोन केला. शनिवारी सगळ्या दुकानात आल्या. हेमंतभाईंनी सगळ्यांसाठी चहा मागवला होता, तो कुणी घेतला नाही.

त्यांच्यात डॉक्टरीणबाई होत्या. माझ्याच वयाच्या, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेल्या, आता दोघंही निवृत्त. त्यांनी पिवळं कार्ड काचेवर आपटलं. "हेमंत, यावर डॉलर कुठे लिहिलेत? ग्रॅम लिहिलेत. आम्ही तुझ्याकडे पैसे ठेवले नव्हते."

"काकू, त्या वेळी तुम्ही दिले त्याच्या..."

"त्या वेळच्या भावाने बटाट्याचं पोतं आज कुणी देतं का मला?"

कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. तशी अदिती पुढे आली. "पोलीस नको, प्लीज. माझी एच-वन व्हिसाची केस चालू आहे. कुठेही नाव यायला नको."

"तुझं नाव फिर्यादीत येईल, आरोपीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला सिटिझनशिप आहे म्हणून सोपं वाटतं."

पोलिसांत कुणी गेलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या मुलाने एक पत्र लिहिलं, तो वकील आहे. त्या पत्रानंतर हेमंतभाईंनी गाडी विकली, बायकोच्या पाटल्या विकल्या आणि तीन आठवड्यांनी नऊ पुड्या आणून ठेवल्या. प्रत्येकीचे मणी मोजून, तोलून. माझ्या आणि रोसाच्या हातात एकेक चेक दिला. जुन्या भावाने.

"तुम्ही घरच्या," ते म्हणाले. "समजून घ्या. दोघींचे धरले तर अठ्ठ्याहत्तर ग्रॅम होतात. तेवढे आणायचे तर दुकान जाईल."

रोसाने चेक वाचला. तो गाळा विकायला असल्याचा निरोप तिला गेल्याच आठवड्यात आला होता, मालकाने महिनाभर थांबायचं कबूल केलं होतं. किंमत अर्थात डॉलरमध्ये. छत्तीस ग्रॅमचे आजचे पैसे पुरत होते. चेकचे पुरत नव्हते. वकील तिच्याकडे नव्हता आणि कार्डही नव्हतं.

ती चेक घडी करून खिशात ठेवायला लागली तेव्हा मी म्हटलं, "थांब, ठेवू नकोस."

नऊ पुड्यांतले मणी सुटे होते. ते कुणाला तरी ओवावे लागणार होते, आणि पार्सिपनीपासून पुढे कुठे दुसरी पटवेकरी असेल तर मला माहीत नाही. मी बायकांना सांगितलं, आधी रोसाचे मणी येतील, मग मी तुमच्या पुड्यांना हात लावीन.

"सुमनबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमचं भांडण आम्ही लढलो. आमचे मणी ओलीस का धरता?"

"कारण माझ्याकडे धरायला दुसरं काही नाही."

"पण तिचं नि आमचं काय?"

"तिला ठेवायला मी सांगितलं होतं. तुम्हालाही मीच सांगितलं होतं."

त्या रागावल्या. त्यांच्या नातीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं, फ्रिस्कोला, आणि ती माळ तिच्या गळ्यात घालायची होती. दोघी-तिघी पुड्या उचलून निघून गेल्या, पुण्याला पाठवून ओवून घेऊ म्हणाल्या. अदितीने तिची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "माझी राहू दे, मावशी. मला घाई नाही." मग ती ऑफिसला गेली.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई एकट्या आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. सरळ हेमंतभाईंच्या काचेच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं, तरी ऐकू येत होतं. "त्या बाईचे देऊन टाक रे. नाहीतर माझा मुलगा दुसरं पत्र लिहील, आणि त्याला मी थांबवणार नाही."

हेमंतभाई बाहेर आले. चेहरा उतरला होता. मला खरंच सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. पण मी बघितलं.

"दोघींचे नाही जमणार, मावशी. एकीचे आणू शकतो. कसेबसे."

"रोसाचे आणा."

"आणि तुमचे?"

"मला चेक चालेल."

रोसा मध्ये पडली, नाही म्हणाली, अर्धे-अर्धे करू म्हणाली. मी म्हटलं, अर्ध्यात गाळा येत नाही. तिला हिशोब कळला.

शुक्रवारी मणी आले, लाख न भरलेले. मी आधी काटा रिकामा पाहिला, मग छत्तीस मणी तोलले, मग कुठलाही एक म्हणून बारावा कापला. कड पिवळी होती. हेमंतभाई म्हणाले, "आता पण विश्वास नाही?" मी मणी पुडीत भरून रोसाच्या हातात दिले. पुढच्याच सोमवारी रोसाने ते सोनं दुसऱ्या गावातल्या दुकानात त्या दिवशीच्या भावाने मोडलं आणि पैसे आईला पाठवले. डॉक्टरीणबाईंच्या नातीची माळ मी वेळेत ओवून दिली. मजुरी घेतली.

माझा चेक मी त्या शुक्रवारी दुपारीच वटवला होता. माझे बेचाळीस मणी कुणासाठी म्हणून नव्हते, माझेच होते, आणि ते गेले. अविनाश म्हणतो, आई, मला आधी विचारलं असतंस तर मी फंडात टाकले असते. त्याचा फंड कोण चालवतं हे मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने मला एक वेबसाइट दाखवली.

हेमंतभाईंचं दुकान पुढे सहा महिने चाललं, मग बंद झालं. मी आता घरी काम करते. माळ ओवते आणि त्याच दिवशी परत देते, कुणाची ठेवून घेत नाही. रोसा दुसऱ्या दुकानात पॉलिशला आहे. तिच्या आईने गाळा घेतला, तोच, आणि तिथे पुन्हा सुतळी विकते. पैसे डॉलरमध्येच घेते, दुसरे मिळतच नाहीत.

या सगळ्यातून गेल्या त्या नऊ गिऱ्हाईक बायका, रोसा आणि मी. रोसाची आई धरली तर बारा जणी. तिची ही दुसरी वेळ होती.